बयेसाठी स्थळ

आमच्या घराण्यात स्थळे शोधण्याचे खाते माझ्याकडे आहे. दोन चुलत बहिणी, एक पुतणी आणि मेव्हण्यांची थोरली अशा चार मुलींची लग्ने मी जमवली, आणि चौघींपैकी एकीनेही माझ्या नावाने बोटे मोडल्याचे अद्याप माझ्या कानी आलेले नाही. त्यामुळे गेल्या वर्षी भाद्रपदात काकूने फोनवर, "एक स्थळ बघायचंय तुला, त्याशिवाय मी इथून हलायची नाही," असे सांगितले, तेव्हा मी सराईतपणे खिशातले पेन काढले आणि विचारले,

"मुलगी कोणाची?"

"मुलगी कुठली रे! बयेसाठी म्हणते मी."

"बया कोण?"

"मांजर," काकू म्हणाली, आणि तिने फोन ठेवून दिला.

शेजारी उभ्या असलेल्या आमच्या सौ. ने सगळे ऐकले होते. ती म्हणाली, "जा हो. निदान पत्रिका तरी जुळवावी लागणार नाही!"

वाचकांना थोडे मागचे सांगायला हवे. वालूर हे परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले माझे गाव. रेल्वेने सेलूला उतरायचे आणि तिथून मिळेल त्या वाहनाने गाव गाठायचे. हल्ली वर्तमानपत्रांतून आमच्या गावाचे नाव येते ते तिथल्या जुन्या बारवांमुळे. त्यांतली एक बारव गोल आहे आणि तिच्या पायऱ्या फिरत फिरत पाण्याकडे उतरतात. माझ्या लहानपणी तिच्यात गाळ आणि झुडपे यांखेरीज पाहण्यासारखे काही नव्हते. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी ती उपसून स्वच्छ केली, आणि आता लांबलांबची माणसे तिची छायाचित्रे घ्यायला येतात.

त्याच बाजूला आमचे माळवदाचे घर. दारात ढाळज, मध्ये अंगण, मागे दोन खोल्या आणि भिंतीत धान्याचे बळद, जे आता कित्येक वर्षे रिकामे आहे. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि वडिलांची नोकरी फिरतीची होती. सातवीपर्यंत मला काकूने वाढवले. १९७२ च्या दुष्काळात ती पहाटे घागर घेऊन पाण्याला निघे, आणि मी सहा वर्षांचा बाप्या हातात कळशी घेऊन, तिच्या पदराला धरून, अर्धवट झोपेत मागे चालत असे. तिला स्वतःला मूलबाळ झाले नाही. त्याचा मला लहानपणी फायदाच झाला, हे आता लिहिताना जरा ओशाळवाणे वाटते.

तीन वर्षांपूर्वी काका गेले. काकू एकटी राहिली. गेल्या वर्षी आषाढात एका रात्री न्हाणीत तिचा पाय घसरला आणि मनगट मोडले. रात्रभर ती तिथेच पडून होती. सकाळी शेजारच्या कोणा मुलीने कडी वाजवली म्हणून कळले, नाहीतर काय झाले असते कोण जाणे. धाकट्या चुलत भावाची बायको पंधरा दिवस जाऊन राहिली, प्लास्टर निघाले, आणि मग आम्ही तिघा भावांनी एका संध्याकाळी फोनवरच निर्णय करून टाकला. काकूने आता एकटे राहायचे नाही. चार महिने माझ्याकडे ठाण्याला, चार महिने पुण्याला, चार महिने छत्रपती संभाजीनगरला. बारा भागिले तीन, बाकी शून्य. असे नि:शेष भाग जाणारे गणित सुटले की माणसाला आपण फार न्यायी आहोत असे वाटू लागते. मलाही वाटले.

काकूने एका शब्दाने विरोध केला नाही. तिची अट फक्त बयेची होती.

दहा दिवसांची रजा काढून मी वालूरला पोचलो, तेव्हा उपवर कन्या ढाळजेच्या उंबऱ्यावर बसून पंजा चाटत होती. पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबूस ठिपके, डावा कान फाटलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव, की मीच तिच्या घरी न विचारता आलेलो आहे. काकांचे दिवस झाले त्याच आठवड्यात, भर पावसात, ती बारवेकडून आली होती म्हणे.

"मी काही तिला पाळली नाही," काकू म्हणाली. "ती येते, मी घालते. एवढंच."

एवढेच, तर मग तिच्यासाठी घर अडले कशाला, असे विचारण्याचे माझ्या जिभेवर आले होते. पण ताटात गरम भाकरी पडली आणि प्रश्न राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढाळजेत दोन-चार मंडळी जमली. स्थळाचा विषय निघताच एका वडीलधाऱ्यांनी तोडगा सांगितला, "पोत्यात घाला आन् लांब कुठंतरी सोडून या. त्यात काय!" आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा उपाय. मी त्यांना म्हटले की याला कायद्याची आडकाठी आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल या थोर नर्तकी राज्यसभेवर होत्या. त्यांनी मुक्या प्राण्यांसाठी विधेयक मांडले, त्या खटपटीतून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. जनावराला उपाशी-तहानेने मरण्याच्या वाटेला सोडून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

"दंड किती?" त्यांनी विचारले.

"पहिल्या वेळी दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत."

मंडळी मनमुराद हसली. आतून काकूचा आवाज आला, "आणि मेली तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, ते कोण देणार?" सोन्याचा भाव सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे पोत्याचा विषय तिथेच संपला. सरकारी दंडापेक्षा आमच्या आजीपणजींचा दंड जबर होता, हे मला त्या दिवशी प्रथमच उमगले.

मग मी शहरातली वाट चाचपून पाहिली. माझा एक जुना स्नेही मुंबईत प्राण्यांच्या निवाऱ्यात सेवा म्हणून जातो. त्याला फोन केला. मुंबईत अशा कामाची परंपरा जुनी आहे. तिथली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था १८७४ ची, आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ पासूनचे. पण स्नेही म्हणाला, "अरे, लहान पिलू असेल तर त्याला घर मिळतं. लोक येतात, पिलू हातात घेतात, मुलं हट्ट धरतात आणि काम होतं. तुझ्या मांजरीसारखं थोराड, कान फाटलेलं जनावर कोणी उचलत नाही. ते पिंजऱ्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत बसतं. निवारा म्हणजे धर्मशाळा, मुक्कामापुरती ठीक. आणि एक सांगू? आमच्या दारात जनावर सोडून जाणारा प्रत्येक माणूस जाताना एकच वाक्य बोलतो. 'चला, सोय लागली.'"

मी फोन ठेवला. वाक्य ओळखीचे वाटले. पण कुठे ऐकले ते लगेच आठवेना.

तेव्हा गावातच स्थळे पाहणे भाग होते. पहिले स्थळ किराणा दुकानदाराचे. उंदरांनी तो बेजार झाला होता. "आत्ता आणा," म्हणाला. मी विजयी मुद्रेने घरी आलो, तर काकू म्हणाली, "त्याच्या दुकानात उंदराचं औषध ठेवलेलं असतं. औषध खाल्लेला उंदीर हिनं खाल्ला की हीही गेली. नको." दुसरे स्थळ एका मास्तरांचे. त्यांची तयारी होती, पण त्यांच्या मंडळींना दमा. तिसऱ्या घरात बाळंतीण आणि पाळणा. तिथल्या आजींनी मला दारातूनच पाणी देऊन वाटेला लावले. चौथे घर शेतावरचे. तिथल्या दोन कुत्र्यांनीच काय तो नकार दिला, मालकापर्यंत बोलणे गेलेच नाही.

पाचवे घर एका माळकरी गृहस्थांचे. फार सज्जन माणूस. ते म्हणाले, "ठेवू की. पण आमच्याकडं जीव मारलेला चालत नाही. काय खाते?"

"दूध-भाकरी," मी म्हणालो. मुलीची उंची चार बोटे वाढवून आणि चष्मा लपवून सांगण्याची जुनी सवय, तीच इथे कामी आली.

काकू माझ्या मागे उभी होती. "खोटं कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "काल तिनं सरडा मारून उंबऱ्यावर आणून ठेवला. तुझ्यासाठीच आणला असेल."

सहावे घर नव्या बंगल्याचे. त्यांचे म्हणणे व्यवहारी होते. "मांजर ठेवू, पण पिलावळ नको. ऑपरेशन करून आणा, मग बघू."

रात्री जेवताना मी हात टेकले. सहा घरे झाली, एकही ठरले नाही. काकू शांतपणे ताक घुसळत होती. "मांजर पिलांना सात घरं फिरवतं," ती म्हणाली. "म्हणजे अजून एक आहे."

ऑपरेशनची गोष्ट मात्र मला पटली. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १९७२ पासूनचे. तिथे बयेला न्यायचे ठरले. काकूने कोंबड्यांचे जुने डालगे शोधून काढले, वर बांधायला फडके घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो बया गायब! माळवद, बळद, लाकडांचा ढीग, बारवेच्या पायऱ्या, सगळे पालथे घातले. शेवटी शाळेला निघालेल्या पोरांपैकी एकाने सांगितले, "काका, ती शिवणवाल्या मावशीकडं असती की. रोजच."

आमच्या घरापासून चौथे घर. पत्र्याच्या दोन खोल्या. नवऱ्यामागे एक बाई शिवणाच्या मशीनवर संसार चालवत होती, तिला बारा वर्षांची मुलगी. मी सहा घरे पाहिली, त्यांत हे नव्हते. का नव्हते, ते उघड आहे. स्थळे पाहताना मी नेहमी घराच्या भिंती आधी पाहत आलो आहे. दारातून डोकावलो तर मशीनच्या पायाशी चिंध्यांच्या ढिगावर आमची बया चारी पाय ताणून झोपली होती.

"परी, ऊठ, तुला न्यायला आलेत," मुलगी म्हणाली.

"परी कोण?"

"हीच की. आमची परी."

मागून येऊन काकू दारात थबकली होती. "तुमची?" ती म्हणाली. तिच्या आवाजात जरा दुखावल्यासारखे काहीतरी होते. "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं झाली, आजी. रोज सकाळी सात वाजता येते. मी शाळेत जाईपर्यंत बसते, मग आईपाशी झोपते. संध्याकाळी तुमच्याकडं जाते." आणि मग, अगदी सहज, तिने पुढचे सांगितले. "त्या दिवशी आली नाही ना, तुम्ही पडला होता त्या दिवशी. सात वाजले, साडेसात वाजले, तरी येईना. म्हणून मी बघायला आले. कडी वाजवली तर आतून ती ओरडत होती. ती तुमच्यापाशीच बसली होती, आजी."

शेजारच्या कोणा मुलीने कडी वाजवली, एवढे आम्हाला कळले होते. कोणत्या मुलीने आणि कशासाठी, हे आम्हां तिघा भावांपैकी कोणीही दोन महिन्यांत विचारले नव्हते. काकू रात्रभर पडून होती हे माझ्या ध्यानात आले नाही, पुण्याच्या आले नाही, संभाजीनगरच्या आले नाही. एका मांजरीला अर्धा तास उशीर झाला, तो एका बारा वर्षांच्या मुलीच्या ध्यानात आला.

परभणीला मुलगीही आमच्याबरोबर आली. एस.टी.त ती डालगे मांडीवर घेऊन बसली. बयेने वालूरपासून जे रडणे मांडले ते परभणीपर्यंत थांबवले नाही. कंडक्टरने आमच्याकडे पाहून विचारले, "तिकिटं किती? अडीच का साडेतीन?" डॉक्टर तरुण आणि बोलके होते. मुलीच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी मोठ्या माणसाला द्यावे तसे उत्तर दिले. तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण काळा आणि तांबूस हे दोन रंग एकत्र येण्यासाठी मादीकडे असलेली गुणसूत्रांची जोडी लागते, हे मला साठीच्या उंबरठ्यावर प्रथम कळले. मांजरीचे गरोदरपण नऊ आठवड्यांचे, वर्षात दोन-तीन वेळा ती वितात. एका मांजरीला घर शोधायचे तर आधी तिच्या पुढच्या पिलांची घरे शोधण्याचे काम थांबवावे, हा त्यांचा हिशेब मला बिनतोड वाटला. रेबीजची लस टोचली. गाईचे दूध मोठ्या मांजरांना बहुधा पचत नाही आणि मांसाहारावाचून त्यांचे शरीर चालत नाही, असेही ते म्हणाले. माळकरी गृहस्थांना मी काय सांगितले होते ते काकूने तिथे काढले नाही, हा तिचा मोठेपणा.

आल्यावर आठ-दहा दिवस बयेला घरात ठेवायचे होते. मी रजा वाढवली. मुलगी सकाळी सातला येई, शाळा सुटल्यावर पुन्हा येई, आणि ढाळजेत बयेशेजारी दप्तर उघडून बसे. काकू तिला दिडकी आणि अडीचकी म्हणायला लावी. हे पाढे तिच्या शाळेत कोणी विचारत नव्हते; तरी ती म्हणे. तिची आईही दुपारी काजे-बटणांचे हातकाम घेऊन येऊ लागली. पंधरवड्यापूर्वी ज्या घराला कुलूप लावायला मी आलो होतो, त्या घरात चार चपलांचे जोड दिसू लागले.

टाके वाळल्यावर एका दुपारी काकूने रीतसर बोलणी काढली. मी स्थळे पाहण्यात मुरलेला माणूस, पण तशी बोलणी मी आजवर ऐकलेली नाहीत. घर केवढे, उत्पन्न किती, यातले काकूने काहीच विचारले नाही. तिचे प्रश्न तीनच होते.

"दुपारी घरी कोण असतं गं?"

"मीच की, काकू. मशीन सोडून जाते कुठं?"

"रात्री दार लावल्यावर तिला आत-बाहेर करायला वाट आहे?"

"खिडकीचा एक गज नाही. तिथूनच येते-जाते ती."

"आणि आजारी पडली, कोपऱ्यात जाऊन बसली, तर कळेल कोणाला?"

बाईने काही न बोलता मुलीकडे बोट दाखवले.

काकूने मान हलवली. स्थळ पसंत! मला हायसे वाटले. त्या रात्री मी घरी फोन करून सौ. ला सांगितले, "चला, सोय लागली." बोललो मात्र, आणि हे वाक्य कुठे ऐकले होते ते आठवले. मुंबईच्या स्नेह्याने सांगितले होते. आणि त्याच्याही आधी, आम्ही तिघा भावांनी ते बारा महिन्यांचे गणित सोडवले त्या संध्याकाळी, मीच म्हणालो होतो.

काकू अंगणात बाजेवर पडली होती. बया तिच्या पायथ्याशी. दिवा मालवून मी शेजारच्या बाजेवर टेकलो, तेव्हा अंधारातून तिने विचारले,

"दुपारी तुझ्या घरी कोण असतं रे?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. मुलीकडच्या वडीलधाऱ्या बाईने सहज माहिती विचारावी तसा तो प्रश्न होता. आणि मला उत्तर देता येईना. दुपारी आमच्या घरी कोणी नसते. मी कचेरीत, सौ. तिच्या शाळेत, चिरंजीव आणि सूनबाई आपापल्या नोकऱ्यांवर. चौथ्या मजल्यावरचे दार एकदा सकाळी नऊला लागले की संध्याकाळी साडेसहाला उघडते. पुण्याला याहून वेगळे नाही. संभाजीनगरला तेवढे दुपारी धुणेवाली येते. चार मुलींसाठी मी घरे पाहिली, तेव्हा सासूचा स्वभाव, नळाला पाणी किती वेळ येते, इथपर्यंत चौकशी केली होती. मांजरीसाठी सहा घरांचे उंबरे झिजवले. आणि जिने मला कळशी धरायला शिकवली, तिच्यासाठी मी एक भागाकार केला होता.

"कोणी नसतं, काकू," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "झोप आता. उद्या ट्रंक काढून दे माळ्यावरची." म्हणजे ती यायला तयार होती. शब्द दिला होता तो पाळणार होती. मला तर त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी मी ट्रंक काढली नाही. शिवणवाल्या बाईंकडे गेलो आणि म्हणालो, "ताई, स्थळ पसंत आहे, पण मुलीकडच्यांची एक विनंती आहे. मुलीला तुमच्याकडे पाठवण्याऐवजी तुम्हीच इकडे या." ढाळज आणि तिच्यामागची खोली त्यांनी वापरावी, असे मी सुचवले. रस्त्यावरचे दार, मशीन ढाळजेत मांडले तर गिऱ्हाइकाला दिसेल. भाडे नको. बाई स्वाभिमानी. फुकटात राहायचे नाही म्हणाली. मी म्हणालो, काकूकडे लक्ष द्याल त्याचे आम्हीच देणे लागतो; तर त्यावर आणखी रागावली. म्हातारीला भाकरी वाढायचे पैसे घेत नसते म्हणाली. शेवटी दोघींनी मला बाहेर बसवून आपसात काय ते ठरवले. थोडे भाडे ठरले, आणि काकूसाठी महिन्याकाठी आम्ही पाठवायची रक्कमही ठरली. कोणी किती ओढून धरले ते मला आजतागायत कळलेले नाही.

चुलत भावांना हे आवडले नाही. "लोक काय म्हणतील? तिघे पुतणे असून म्हातारी भाडेकरूंच्या जिवावर!" पुण्याहून फोन आला. त्याचे बोलणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. न्हाणी तीच आहे, वय अठ्ठ्याहत्तरचे एकोणऐंशी झाले आहे, आणि पाय पुन्हा घसरणार नाही याची हमी कोण देणार? न्हाणीत मी धरायला कडी बसवली, खरखरीत फरशी घातली. ज्याला आधी सुचायला हवे होते त्याला उशिरा सुचले, एवढाच त्याचा अर्थ. यंदा उन्हाळ्यात काकू दीड महिना ठाण्याला आली होती. पण पाळीने नव्हे, पाहुणी म्हणून. मुलीची शाळा सुरू व्हायच्या आत परत जायचे, हे तिने येतानाच सांगून टाकले होते.

बयेची आता एका घरात दोन नावे आहेत. मागच्या खोलीत ती बया आणि ढाळजेत परी. दोन्ही ठिकाणी ती जेवते, आणि पहिल्या ठिकाणी जेवली हे दुसऱ्या ठिकाणी कळू देत नाही. मी गावी गेलो की ती एका उडीत माळवद गाठते. ते डालगे ती अजून विसरलेली नाही.

जाता जाता एक सांगायचे राहिले. निघताना त्या मुलीशी मी एक करार केला होता. रोज सकाळी सात वाजता तिने माझ्या फोनवर एक घंटी द्यायची आणि ठेवून द्यायची. बोलायचे काही नाही. घंटी वाजली की समजायचे, काकू उठली, बया दारात आली, सगळे ठीक आहे. वर्ष होत आले. सकाळी सातच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरात चहा तयार असतो, पण घंटी वाजेपर्यंत मी कप तोंडाला लावत नाही. सौ. हसते.

परवा घटस्थापनेच्या दिवशी घंटी वाजली नाही. सात वाजून गेले. सव्वासात झाले. चहा गार झाला. साडेसातला मी पायांत चपला घालून उभा होतो, हातात पाकीट, गाडी कोणती मिळेल ते चिरंजीव पाहत होता; इतक्यात फोन वाजला.

"काका, मी पाढे म्हणत होते. आजी म्हणाल्या, अडीचकी पुरी झाल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही."

मागून काकूचा आवाज आला, "त्याला विचार, दिवाळीला येतोय का? आणि म्हणावं, डालगं जाळून टाकलंय. बयेनं यंदा पळायचं काही कारण नाही."

आम्ही दिवाळीला वालूरला चाललो आहोत.